स्मार्टवॉचवर हवेची गुणवत्ता: आकडा मनगटावर आणायचा कसा आणि वाचायचा कसा

घड्याळाच्या पडद्यावर दिसणारा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, घड्याळाने मोजलेला नसतो. तो कुठल्यातरी मोजणी केंद्रातून किंवा संगणकी अंदाजातून निघतो, मग इंटरनेटवरून फोनपर्यंत आणि फोनवरून मनगटावर पोहोचतो. हे एकदा पक्कं ध्यानात घेतलं की आकडा दिसल्यावर तीन प्रश्न विचारावेच लागतात: कुठल्या जागेचा, कितीच्या वेळेचा आणि कोणत्या मोजपट्टीवरचा? तिन्हींची उत्तरं मिळाली, तर घड्याळातला आकडा खरोखर कामाचा आहे. नाही मिळाली, तर पडद्यावर नुसता रंगीत ठिपका उरतो.

घड्याळ काय मोजतं आणि काय मोजत नाही

घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे-लाल दिवे नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतात. आत हालचाल टिपणारा सेन्सर असतो, बऱ्याच घड्याळांत त्वचेचं तापमान बघणारा सेन्सर आणि हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटरही असतो. यातल्या एकालाही धूळ दिसत नाही. बॅरोमीटर उंची आणि चढलेले जिने सांगतो. त्याचा प्रदूषणाशी काही संबंध नाही.

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण. ते मोजणाऱ्या साध्या सेन्सरमध्ये छोटा पंखा हवा आत ओढतो, लेझरचा किरण त्या हवेतून जातो, कणांवर आपटून विखुरलेला उजेड एक प्रकाशसंवेदी डायोड टिपतो आणि त्यावरून कणांचं प्रमाण ठरतं. त्यासाठी हवा आत-बाहेर जायला मोकळी वाट लागते आणि घड्याळ तर पाणी शिरू नये म्हणून बंदिस्त केलेलं असतं. पंख्याशिवाय चालणारे चिमुकले सेन्सर निघाले आहेत, बॉशचा बीएमव्ही०८० हा त्यातलाच एक. पण रोजच्या वापरातल्या घड्याळांत ते अजून रुळलेले नाहीत.

रक्तातला ऑक्सिजन ९७ टक्के दिसतोय म्हणजे हवा ठीक आहे, असा अर्थ काढू नका. निरोगी माणसाचा हा आकडा खराब हवेतही सहसा हलत नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तर तो साफ फसवतो. हा वायू हिमोग्लोबिनला चिकटला की उजेडावर चालणाऱ्या साध्या मापकाला ते रक्त ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. विषबाधा होत असतानाही आकडा नॉर्मल येऊ शकतो. गॅस गिझर, शेगडी, जनरेटर अशा वस्तू बंद जागेत चालत असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लावायला हवा. घड्याळ तिथे उपयोगाचं नाही.

आकडा येतो कुठून

तीन प्रकारचे स्रोत असतात. सर्वांत भरवशाची म्हणजे सरकारी मोजणी केंद्रं. तिथली यंत्रं ठरावीक मात्रेत हवा ओढून कण फिल्टर पट्टीवर जमवतात आणि बीटा किरण त्या थरातून किती अडतात यावरून वजन काढतात. ही मोजणी साधारणपणे तासाच्या सरासरीने प्रसिद्ध होते. दुसरा स्रोत लोकांनी घराबाहेर लावलेल्या स्वस्त लेझर सेन्सरांचा, उदाहरणार्थ पर्पलएअरचं जाळं. यांची नोंद दर काही मिनिटांनी येते, संख्या भरपूर असते, पण दमट हवेत ते जास्त आकडा दाखवतात. तिसरा स्रोत गणिती मॉडेल: उपग्रहाची निरीक्षणं, वारा, वाहतूक आणि उत्सर्जनाचे अंदाज यांवरून नकाशावरच्या प्रत्येक चौकोनासाठी आकडा काढला जातो. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण ४० किलोमीटरचा असतो. एवढ्या मोठ्या चौकोनात एखादा हमरस्ता किंवा पेटलेला कचऱ्याचा ढीग वेगळा दिसणं शक्यच नाही.

बहुतेक अ‍ॅप हे तिन्ही स्रोत मिसळून वापरतात आणि घड्याळावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून जे अ‍ॅप वापरायचं त्याच्या फोनवरच्या पानात एकदा शिरून केंद्राचं नाव, अंतर आणि शेवटच्या नोंदीची वेळ दिसते का ते बघा. ज्या अ‍ॅपमध्ये वेळच दिसत नाही, ते आम्ही तरी घड्याळावर ठेवणार नाही.

वेळेचं गणितही बघायला हवं. सहा ते सात या तासाची सरासरी सात वाजता पूर्ण होते, त्यानंतर ती प्रसिद्ध होते, अ‍ॅपचा सर्व्हर ती उचलतो, फोन ती मागवतो आणि सर्वांत शेवटी घड्याळ ताजं होतं. त्यामुळे सकाळी सव्वासातला दिसणारा आकडा बरेचदा पाच ते सहा या तासाचा असतो. पहाटेची हवा झपाट्याने बदलत असते, तेव्हा हा फरक जाणवण्याइतका मोठा होतो.

एकच हवा, दोन आकडे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. एक्यूआय हे मोजलेलं प्रमाण नव्हे. प्रमाणावरून काढलेली ती श्रेणी आहे आणि प्रत्येक देशाची श्रेणी वेगळी. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत मोठा तोच एक्यूआय म्हणून जाहीर होतो.

पीएम २.५ पुरतं बघू. एकक सगळीकडे मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

अमेरिकेची पट्टी (मे २०२४ पासून लागू):
० ते ९.० म्हणजे ० ते ५०
९.१ ते ३५.४ म्हणजे ५१ ते १००
३५.५ ते ५५.४ म्हणजे १०१ ते १५०
५५.५ ते १२५.४ म्हणजे १५१ ते २००
१२५.५ ते २२५.४ म्हणजे २०१ ते ३००
त्यापुढे ३०१ आणि वर

भारताची पट्टी:
० ते ३० म्हणजे ० ते ५०
३१ ते ६० म्हणजे ५१ ते १००
६१ ते ९० म्हणजे १०१ ते २००
९१ ते १२० म्हणजे २०१ ते ३००
१२१ ते २५० म्हणजे ३०१ ते ४००
त्यापुढे ४०१ ते ५००

मधला आकडा सरळ प्रमाणात काढायचा. हवेत ६० मायक्रोग्रॅम असतील तर भारताच्या पट्टीवर एक्यूआय १०० येतो, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकेच्या पट्टीवर तीच हवा ५५.५ ते १२५.४ या टप्प्यात पडते: ६० वजा ५५.५ म्हणजे ४.५, भागिले ६९.९, गुणिले ४९, अधिक १५१. उत्तर येतं १५४, म्हणजे सरसकट सगळ्यांसाठी 'अपायकारक'. आता १०० मायक्रोग्रॅम घ्या. अमेरिकेचा आकडा १८२ आणि भारताचा २३२. म्हणजे अमेरिकेची पट्टी नेहमीच जास्त दाखवते असंही नाही. मधेच दोघींची जागा अदलाबदल होते, म्हणून मनातल्या मनात 'अमुक एक वजा करायचे' असला शॉर्टकट चालत नाही.

सरासरीचा काळ हा दुसरा सापळा. भारताचा निर्देशांक कणांसाठी २४ तासांची सरासरी धरतो. अमेरिकेच्या चालू आकड्यासाठी नाऊकास्ट ही पद्धत आहे: गेल्या १२ तासांच्या नोंदी घ्यायच्या, सर्वांत कमी नोंदीला सर्वांत जास्त नोंदीने भागायचं, उत्तर अर्ध्याहून कमी आलं तर अर्धा धरायचा. हाच गुणक. शेवटच्या तासाला वजन १, त्याआधीच्या तासाला गुणकाइतकं, त्याआधी गुणकाचा वर्ग, असं मागे जात राहायचं. हवा स्थिर असेल तर सगळ्या तासांना जवळपास सारखं वजन मिळतं आणि हवा अचानक बिघडली तर शेवटच्या तासाचा वाटा वाढून जवळपास निम्मा होतो.

समजा २३ तास हवेत ४० मायक्रोग्रॅम होते आणि शेवटच्या तासात धुराने ते २४० वर गेले. २४ तासांची सरासरी ४८ येते, भारताच्या पट्टीवर एक्यूआय साधारण ८०. नाऊकास्टने १४० येतात, अमेरिकेच्या पट्टीवर साधारण २१५. एकाच केंद्राच्या त्याच नोंदी, आणि एका घड्याळावर ८०, दुसऱ्यावर २१५. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. २४ तासांची सरासरी दिवसभरात शरीरात किती गेलं याचा अंदाज देते. आत्ता बाहेर पडायचं का, याचं उत्तर नाऊकास्टजवळ असतं.

म्हणून साधा नियम: शक्य असेल तिथे एक्यूआयऐवजी पीएम २.५ चं थेट प्रमाण घड्याळावर लावा. ते मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि देश बदलला तरी बदलत नाही. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा लक्षात ठेवा: २४ तासांसाठी १५, वर्षभराच्या सरासरीसाठी ५.

युरोपचा निर्देशांक सहा पायऱ्यांचा आहे, ब्रिटनचा १ ते १० असा. घड्याळावर हवा '४' दिसली तर आनंदून जाण्याआधी पट्टी कुठली ते बघा.

अ‍ॅपल वॉचवर बसवणं

१. आधी आयफोनवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून लोकेशन सर्व्हिसेस आणि मग वेदर. परवानगी 'नेव्हर' असेल तर आपण आत्ता कुठे आहोत हे अ‍ॅपला कळत नाही. ती बदला. प्रवासात असतानाही आकडा आपोआप बदलायला हवा असेल तर 'ऑलवेज' निवडा.

२. घड्याळाच्या तबकडीवर बोट दाबून धरा, एडिट करा, डावीकडे सरकवत कॉम्प्लिकेशन्सच्या (तबकडीवर माहिती दाखवणाऱ्या छोट्या खाचांच्या) पानावर या. हव्या त्या खाचेवर टॅप करा आणि क्राउन (बाजूची चकती) फिरवत वेदरच्या यादीतून एअर क्वालिटी निवडा. क्राउन दाबला की काम झालं. हेच फोनवरच्या वॉच अ‍ॅपमधूनही करता येतं आणि बोटं जाड असतील तर तेच सोपं.

३. कोपऱ्यातली खाच घेतली तर आकड्याभोवती रंगीत कमानही दिसते. अगदी छोट्या गोल खाचेत फक्त आकडा मावतो. रंग बघून निर्णय घेण्याची सवय लावून घेऊ नका, कारण पट्टीगणिक रंगांचे टप्पेही बदलतात.

४. फोनवरच्या वेदर अ‍ॅपमध्ये त्याच ठिकाणाच्या एअर क्वालिटीवर टॅप करा. मुख्य प्रदूषक कोणता, प्रत्येकाचं प्रमाण किती आणि कोणत्या देशाची पट्टी वापरली आहे, हे तिथे कळतं. ही एकदाच करायची तपासणी आहे, पण टाळू नका.

सगळ्याच प्रदेशांत ही माहिती मिळते असं नाही. यादीत एअर क्वालिटी असूनही खाच रिकामी राहत असेल तर त्या जागेसाठी माहितीच उपलब्ध नसण्याची शक्यता जास्त. अशा वेळी आयक्यूएअरचं एअरव्हिज्युअल किंवा पर्पलएअरचे सेन्सर दाखवणारं पाकू अशी वेगळी अ‍ॅप बघावी लागतात.

वेअर ओएस आणि गार्मिन

वेअर ओएसच्या, म्हणजे गूगलची प्रणाली असलेल्या घड्याळावरही तबकडी दाबून धरायची, पेन्सिलच्या खुणेवर टॅप करायचं, कॉम्प्लिकेशन्सपर्यंत सरकायचं आणि खाच निवडायची. फोनवरचं हवामान अ‍ॅप हवेची गुणवत्ता दाखवत असलं तरी त्याचं कॉम्प्लिकेशन असेलच याची खात्री नाही. तसं नसेल तर टाइल वापरा: तबकडीवरून बाजूला सरकवलं की टाइल येतात, एखाद्या टाइलवर बोट दाबून धरलं की नवी जोडता येते. टाइलमध्ये जागा मोठी असते, त्यामुळे आकड्याबरोबर वेळ आणि ठिकाणही मावतं. सगळा पसारा एका खाचेत कोंबण्यापेक्षा हे बरं.

अँड्रॉइड फोनवर एक गोष्ट आवर्जून करा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, मग बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड'. नाहीतर फोन बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅपला झोपवतो आणि घड्याळावर सकाळचा आकडा संध्याकाळपर्यंत तसाच चिकटून राहतो.

गार्मिनसाठी कनेक्ट आयक्यू स्टोअरमध्ये एक्यूआयची बरीच विजेट आहेत. त्यातली काही वर्ल्ड एअर क्वालिटी इंडेक्स या प्रकल्पाची माहिती वापरतात आणि आधी टोकन (ओळखीची अक्षर-आकड्यांची किल्ली) मागतात. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ईमेल देऊन टोकन मिळवायचं, फोनवरच्या कनेक्ट आयक्यू अ‍ॅपमध्ये त्या विजेटच्या सेटिंग्जमध्ये चिकटवायचं. टोकनच्या पुढेमागे एखादी मोकळी जागा आली तर चालत नाही आणि 'माहिती नाही' एवढाच संदेश दिसतो. हा प्रकल्प जगभरची केंद्रं अमेरिकेच्या पट्टीवर दाखवतो, त्यामुळे स्थानिक सरकारी आकड्याशी ताळा लावत बसू नका. गार्मिनवर पार्श्वभूमीतलं काम पाच मिनिटांपेक्षा लवकर पुन्हा होत नाही, आणि फोन ब्लूटूथच्या टप्प्यात नसेल तर होतच नाही.

ठरावीक वेळी इशारा

घड्याळ सारखं बघत बसण्यापेक्षा हवा बिघडली तरच मनगट थरथरलेलं बरं. आयफोनवर यासाठी वेगळं अ‍ॅप लागत नाही.

फोनवरचं शॉर्टकट्स अ‍ॅप उघडा, ऑटोमेशनमध्ये नवीन घ्या, 'टाइम ऑफ डे' निवडा आणि बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधीची वेळ द्या. 'रन इमिजिएटली' निवडा. हे राहिलं तर रोज परवानगी विचारली जाते आणि चार दिवसांत कंटाळा येतो. मग क्रिया जोडा: 'गेट करंट वेदर', त्यापुढे 'गेट डिटेल्स ऑफ वेदर कंडिशन्स' आणि त्यात एअर क्वालिटी इंडेक्स. त्याखाली 'इफ', अट 'इज ग्रेटर दॅन', आकडा आपल्या पट्टीनुसार. अमेरिकेची पट्टी असेल तर दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी १००, इतरांनी १५०. आत 'शो नोटिफिकेशन' ठेवा आणि मजकुरात तो आकडाही घाला.

फोन उघडा आणि चालू असेल तर सूचना फोनवरच येते, घड्याळावर जात नाही. घड्याळावर येण्यासाठी फोन लॉक असायला हवा आणि घड्याळ मनगटावर व अनलॉक. इशारा 'येतच नाही' या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं. फोकस मोड चालू असेल तर शॉर्टकट्सला त्यात सूट द्यायला विसरू नका.

आकड्याची उलटतपासणी

नवीन जागी राहायला गेलात किंवा नवं अ‍ॅप घेतलंत की एकदा हे करा. नकाशावर जवळची दोन-तीन केंद्रं शोधा. घड्याळाचा आकडा त्यातल्या एकाशी नेमका जुळतो की मधला कुठलातरी येतो? नेमका जुळला तर स्रोत ते केंद्र. मधला आला तर अ‍ॅप हिशेब करून अंदाज देतंय. मग केंद्र कुठे उभं आहे ते बघा. हमरस्त्याच्या कडेचं केंद्र बागेतल्या हवेबद्दल फारसं सांगत नाही आणि बागेतलं केंद्र सिग्नलला थांबलेल्या माणसाबद्दल काहीच सांगत नाही. वाऱ्याची दिशाही बघा. केंद्र आपल्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला असेल तर तिथली हवा थोड्या वेळाने आपल्याकडे येणार, उलट असेल तर आपलीच हवा तिकडे जाणार.

तीन-चार दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळचे आकडे टिपले की एक चाल दिसू लागते. शांत, थंड रात्री जमिनीलगतची हवा वर सरकत नाही, म्हणून कण साचतात आणि पहाटे प्रमाण वाढलेलं असतं. ऊन चढलं, हवा ढवळली की ते उतरतं. ओझोनचं मात्र उलट: तो उन्हातच तयार होतो आणि कडक उन्हाच्या दिवशी दुपारनंतर शिखर गाठतो. त्यामुळे धावायला जाणाऱ्यांनी नुसता एक्यूआय न बघता मुख्य प्रदूषक कोणता तेही बघावं. पीएम २.५ असेल तर वेळ थोडी पुढे ढकलून फायदा होतो, ओझोन असेल तर लवकर उरकून. एन९५ मास्क कण अडवतो, ओझोनसारखे वायू नाही.

घरातली हवा मनगटावर

बाहेरचं केंद्र घरातल्या हवेबद्दल मुकंच असतं, आणि दिवसाचे बरेच तास आपण असतो घरात. तेव्हा स्वतःचा सेन्सर लावून त्याचा आकडा घड्याळावर आणणं हे या सगळ्यातलं सर्वांत उपयोगी काम आहे. थोडी खटपट करावी लागते.

लागणारं सामान: प्लँटॉवरचा पीएमएस५००३ किंवा सेन्सिरिऑनचा एसपीएस३० हा कण मोजणारा सेन्सर, एक ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा नियंत्रक), पाच व्होल्टचा चार्जर, आणि होम असिस्टंट हे घरातली उपकरणं जोडणारं सॉफ्टवेअर चालवणारा छोटा संगणक. हात सोल्डरिंगला सरावलेला नसेल तर होम असिस्टंटला जोडला जाणारा तयार मॉनिटर घ्या आणि खालचा जोडणीचा भाग सोडून द्या.

पीएमएस५००३ च्या आठ टोकांपैकी पहिलं पाच व्होल्टला, दुसरं ग्राउंडला. पाचवं टोक सेन्सरचं पाठवणारं, ते बोर्डाच्या घेणाऱ्या पिनला. चौथं घेणारं, ते बोर्डाच्या पाठवणाऱ्या पिनला. पंख्याला पाच व्होल्ट लागतात, पण संदेशाच्या तारा ३.३ व्होल्टच्या असतात, त्यामुळे ईएसपी३२ ला त्या थेट जोडता येतात. संदेशांचा वेग ९६०० बॉड. ईएसपीहोममध्ये, म्हणजे असे बोर्ड होम असिस्टंटला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, या सेन्सरसाठी तयार घटक आहे. नोंदीचं अंतर दोन मिनिटं ठेवलं तर मधल्या वेळात पंखा आणि लेझर बंद राहतात आणि सेन्सर जास्त टिकतो. त्यासाठी चौथ्या टोकाची तार जोडलेली हवी, नाहीतर त्याला झोपायचा आदेश पोहोचतच नाही. जागा झाल्यावर पहिली ३० सेकंद आकडे अस्थिर असतात, ती धरू नका.

सेन्सर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून एक ते दीड मीटरवर ठेवा. खिडकी, एसी आणि पंख्याच्या थेट झोतापासून दूर. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर त्याच खोलीत असेल तर आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. पाण्याचे थेंब आणि पाण्यातले क्षार दोन्ही कण म्हणूनच मोजले जातात.

मग सेन्सर खरं बोलतो का ते तपासा. एअर प्युरिफायरच्या बाहेर पडणाऱ्या स्वच्छ झोतात तो पाच मिनिटं धरा. आकडा शून्याजवळ, फार तर दोन-तीनपर्यंत यायला हवा. खाली येतच नसेल तर आत धूळ किंवा एखादा किडा अडकला आहे. नंतर त्याला आडोशाला पण बाहेरच्या हवेत दोन दिवस ठेवून तासाच्या सरासऱ्या जवळच्या केंद्राशी ताडून बघा. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, म्हणून लेझर सेन्सर वाढीव आकडा देतो. पर्पलएअरसाठी अमेरिकेत काढलेलं सूत्र असं: सेन्सरचा आकडा गुणिले ०.५२४, त्यातून आर्द्रतेच्या टक्क्यांना ०.०८६२ ने गुणून वजा, अधिक ५.७५. सेन्सर १०० दाखवत असेल आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दुरुस्त आकडा ५२ येतो, जवळपास निम्मा! पर्पलएअरमध्ये प्लँटॉवरचेच सेन्सर असतात, तरी हे सूत्र अमेरिकेतल्या हवेवर बेतलेलं आहे. धुळीच्या प्रदेशात आपली दुरुस्ती केंद्राशी ताडूनच ठरवावी, आणि ऋतू बदलला की पुन्हा.

होम असिस्टंटमध्ये हेल्पर्सच्या यादीतून स्टॅटिस्टिक्स घ्या आणि पीएम २.५ ची एका तासाची सरासरी तयार करा. घड्याळावर ही सरासरी दाखवायची, क्षणाचा आकडा नाही. नाहीतर कढई तापली की मनगटावर हाहाकार. अ‍ॅपल वॉचसाठी आयफोनवरच्या होम असिस्टंट अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅपल वॉचखाली कॉम्प्लिकेशन तयार करून त्यात ही नोंद घाला. वेअर ओएसवर टेम्पलेट टाइल घेऊन ती किती वेळाने ताजी व्हावी हेही ठरवता येतं. घराबाहेर असतानाही आकडा हवा असेल तर होम असिस्टंटचा बाहेरून पोहोचणारा पत्ता किंवा व्हीपीएन लागेल.

कार्बन डायऑक्साइडचा सेन्सरही त्याच बोर्डाला जोडून टाका, उदाहरणार्थ एससीडी४१. हा वायू एक्यूआयमध्ये धरलेला नसतो, पण खोलीत किती ताजी हवा येते हे त्यावरूनच कळतं. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो. बंद खोलीत १००० च्या वर गेला की खिडकी उघडायची वेळ झाली. बाहेर पीएम २.५ जास्त असेल तर कात्री लागते: खिडकी उघडली तर धूळ, बंद ठेवली तर कोंदट. अशा वेळी खिडकी दहा मिनिटं उघडून बंद करायची आणि प्युरिफायर चालू ठेवायचा. हा सेन्सर स्वतःला आपोआप जुळवून घेतो, पण त्यासाठी आठवड्यातून निदान एकदा त्याला बाहेरच्यासारखी ताजी हवा मिळेल असं तो गृहीत धरतो. खोली कधीच नीट हवेशीर होत नसेल तर तो हळूहळू चुकीचं, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू लागतो.

आकडा अडकला, हरवला किंवा वेडावाकडा आला तर

आकडा तासन्‌तास बदलत नाही: आधी फोनवर तेच अ‍ॅप उघडा. तिथेही जुनाच असेल तर केंद्र बंद आहे, घड्याळाचा दोष नाही. फोनवर ताजा असेल तर फोनचा लो पॉवर मोड, घड्याळाचा बॅटरी सेव्हर आणि पार्श्वभूमीतलं ताजं होणं या तिन्ही गोष्टी बघा. अ‍ॅपल वॉच कॉम्प्लिकेशनला तासाला मोजक्याच वेळा ताजं होऊ देतं, म्हणून मिनिटामिनिटाची अपेक्षा ठेवू नका. कॉम्प्लिकेशनवर टॅप करून अ‍ॅप उघडलं की बहुधा लगेच नवा आकडा येतो.

भलत्याच गावाचा आकडा दिसतो: लोकेशनच्या परवानगीत 'प्रिसाइज लोकेशन' बंद असेल तर फोन अंदाजे भाग सांगतो आणि अ‍ॅप शेजारच्या भागातलं केंद्र उचलतं. व्हीपीएन चालू असताना काही अ‍ॅप इंटरनेटच्या पत्त्यावरून ठिकाण ठरवतात, तेही बघा.

आकडा एकदम ५०० किंवा शून्य: केंद्राचं यंत्र तपासणीत किंवा बिघडलेलं असताना असं होतं. शेजारचं केंद्र बघून खात्री करा. बाहेर पडून समोरची टेकडी किंवा उंच इमारत स्पष्ट दिसते का तेही बघा, पण आर्द्रता जास्त असेल तर ते धुकंही असू शकतं.

घरच्या सेन्सरचा आकडा महिन्यागणिक चढत चालला आहे आणि स्वच्छ झोताच्या चाचणीतही खाली येत नाही: पंख्याच्या तोंडाशी मऊ ब्रश फिरवा, हवेचा हलका फवारा मारा, पण पंखा भन्नाट वेगाने फिरेल इतका जोरात नको, त्याने बेअरिंग जातं. एसपीएस३० दर आठवड्याला स्वतःचा पंखा जोरात फिरवून सफाई करतो. त्यासाठी तो सलग चालू राहायला हवा. वीज मधेमधे जात असेल तर आठवड्याची मोजणी प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू होते आणि सफाई कधीच होत नाही. तिथे ईएसपीहोममधून आठवड्यातून एकदा सफाईचा आदेश द्यायची व्यवस्था करून ठेवा.